वानखडे काकूंचा ट्रक

या विश्वात अशा काही शक्ती आहेत, ज्यांच्यापुढे विज्ञानालाही हात टेकावे लागतात.

हे वाक्य मी मुद्दाम आधी टाकलं. या ऑनलाइन 'अमानवीय' धाग्यावरचे बहुतेक अनुभव असेच सुरू होतात, आणि प्रथा मोडणारा मी कोण? शिवाय माझ्या अनुभवात विज्ञानाने हात टेकले हे अक्षरशः खरं आहे. फक्त ते पलंगाखाली गेलेला एक स्क्रू शोधण्यासाठी टेकले. विज्ञानाच्या बाजूने त्या दिवशी मीच हजर होतो.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कधीच नव्हता. मी पुस्तकांचं मुद्रितशोधन करतो. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा व्यवसाय, आणि पुण्यात राहत असल्यामुळे छंदही. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना सगळीकडे दैवी संकेत दिसतात. पाण्याच्या नव्या मोटरचं बटण दाबण्याआधी त्यांनी भाषण केलं होतं. मोटर भाषणापेक्षा कमी वेळ चालली, तेव्हा त्यांनी दोष दक्षिण दिशेला दिला. मी प्लंबरला फोन केला. माझा पिंड साधारण असा आहे, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

स्थळ : विश्रांतवाडी, आळंदी रस्त्यावरून आत वळलं की दुसऱ्या गल्लीतली आमची सोसायटी, तिसरा मजला. वेळ : दिवाळीच्या आधीचा रविवार, दुपार, लख्ख ऊन. अमावास्या होती का, ते पाहिलं नाही. दुपारी ती तशीही दिसत नाही.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये वानखडे काकू राहतात. मूळच्या अकोल्याच्या, निवृत्त शाळामास्तरीण. वानखडे काका गेल्यावर मुलाने, प्रसादने, त्यांना पुण्यात आणलं. मग वर्षभरात तो स्वतः कंपनीमार्फत जर्मनीला गेला. अकोल्याहून पुण्याला मुलाजवळ राहायला आलेल्या काकूंजवळ राहिलं काय, तर फ्लॅट, तुळशीची कुंडी आणि प्रसादने कॉलेजात असताना सुटे भाग जमवून बांधलेला गेमिंग कॉम्प्युटर. काळा, बुटका, एका बाजूला काच असलेला. चालू झाला की आत निळा दिवा लागतो. काकू सुरुवातीला त्याला फिशटँकच समजत होत्या.

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं यावरच आहे.

प्रसाद आणि काकू दर रविवारी दुपारी चार वाजता ट्रक चालवतात.

ट्रक गेममधला. खऱ्यासारखे रस्ते, टोलनाके, पेट्रोल पंप. इंटरनेटवरून दोघं एकाच रस्त्यावर येतात, प्रसादचा निळा ट्रक पुढे, काकूंचा नारिंगी मागे, आणि माल पोचवत दोन-दोन तास फिरतात. कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे सगळं पोरकट वाटलं होतं. एकदा साखर मागायला गेलो आणि दारात थांबून ऐकत राहिलो, तेव्हा मत बदललं. व्हिडिओ कॉलवर या मायलेकांचं संभाषण "जेवलीस का", "हो, तू?", "हो" एवढ्यात संपायचं. चेहऱ्यासमोर चेहरा आला की माणसं परीक्षेला बसल्यासारखी बोलतात. ट्रकमध्ये मात्र दोघांची नजर रस्त्यावर. त्यामुळे बोलणं आपोआप सुटायचं... अकोल्याची मावशी, जर्मनीतला पाव, काकांचे शेवटचे दिवस, प्रसादला न आवडलेली मुलगी, काकूंना आवडलेली तीच मुलगी. सगळं वळणावळणाने, गिअर टाकत.

आणि काकू चालवतात फार सुंदर. यात माझी कसलीही तिरकस टिप्पणी नाही. ज्या बाईने आयुष्यात सायकलला हात लावला नाही, ती घाटातल्या वळणावर अठरा चाकं अशी वळवते की शेजारी बसून खिडकीबाहेर हात काढावासा वाटतो. अनोळखी खेळाडू त्यांना वाट देतात. त्याही देतात. दोनच दोष. एक, माइक चालू करायला विसरतात. त्यावर मायलेकांनी तोडगा काढला होता : काकूंनी एकदा डिपर दिला, म्हणजे हेडलाइट लावून विझवला, की "ऐकतेय", दोनदा दिला की "पुढे बोल". दुसरा दोष म्हणजे रिव्हर्स. तो त्यांना अजिबात येत नाही. मुक्कामाला पोचलं की प्रसाद पार्किंगमध्ये आत जाऊन, मागे घेऊन, रांगेत ट्रक लावतो. काकू गेटातच आडवा लावून मोकळ्या होतात आणि मागून हॉर्न वाजायला लागले की म्हणतात, "वाजव बाप्पा, मी का बहिरी आहे?"

त्या पावसाळ्यात गेमची नवी आवृत्ती आली आणि जुन्या मशीनला ती झेपेना. कॉम्प्युटरमध्ये चित्र काढून पडद्यावर पाठवणारा एक वेगळा भाग असतो, ग्राफिक्स कार्ड. प्रसादचं कार्ड कॉलेजच्या काळातलं. काकू मला सांगत होत्या, "भाऊ, झाडं मागून येऊन राहिली हो. आपण पुढे निघून गेलो की मग झाड उगवते." इथवर त्यांनी चालवून घेतलं. मग एका रविवारी धुक्यात प्रसादचा ट्रकच दिसेनासा झाला. आवाज येतोय, ट्रक नाही.

"झाडं नाही दिसली तर चालते," काकू म्हणाल्या. "लेकरू तर दिसलं पाहिजे न."

त्यात त्यांना दुसरी काळजी होती, ती त्यांनी मला जिन्यात सांगितली. "प्रसादचं काहीतरी बिनसलंय."

"बोलला का काही?"

"बोलून नाही राहिला, तेच तर. आणि गाडी हळू चालवते. परवा लाल सिग्नलला थांबला. गेममध्ये, भाऊ! मागेपुढे कोणी नाही आणि हा आपला थांबला. असा नव्हता तो."

मी नवीन कार्ड बसवून द्यावं असं ठरलं. मी पूर्वी माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरची मेमरी बदलली होती आणि ती बातमी सोसायटीत जरा जास्तच पसरली होती. कार्ड प्रसादने तिथूनच निवडून मागवलं. रविवारी जेवणं झाल्यावर बसू, चारच्या आत होऊन जाईल, असं मी म्हणालो. हे वाक्य मी आजवर जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा ते खोटं ठरलं आहे. त्यात अमानवीय काही नाही.

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटची पिन मी भिंतीतून काढली आणि वायर गुंडाळून कॅबिनेटवर ठेवली. काचेचं झाकण उघडलं. आतली धूळ पाहता हे काम पुरातत्त्व खात्याकडे जायला हवं होतं. पंख्याखाली झेंडूची सुकलेली पाकळी निघाली आणि अक्षतांचे चार-दोन दाणे. काकू दर दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करतात, आणि वाहिलेलं सगळं मशीन श्वासाबरोबर आत ओढून घेतं. एवढं पोटात घेऊनही ते इतकी वर्षं चाललं, याबद्दल मला त्याचा आदर वाटला. अजूनही वाटतो.

स्क्रीनकडे जाणारी केबल मी कार्डातून सोडवली. ती टेबलामागे पडू नये म्हणून तिचं टोक काकूंच्या हातात दिलं. "धरून ठेवा, सोडू नका." कार्डाचा स्क्रू काढला, खाच दाबली आणि कार्ड हलकेच बाहेर ओढलं. दोन पंखे, काळं कवच, एका कोपऱ्यात प्रसादने कधीतरी चिकटवलेला अर्धा स्टिकर. याच वेळी स्क्रू माझ्या बोटांतून सुटला आणि पलंगाखाली गेला.

"इकडे द्या ते," काकू म्हणाल्या.

त्यांनी तयारी करून ठेवली होती. स्टीलचं ताट, त्यात हळदकुंकू, अक्षता, निरांजन आणि वाटीत दही-साखर.

"काकू, हे काय?"

"काय म्हणजे? एवढी वर्षं राबलं घरात. याच्यावर पोरगं इंजिनिअर झालं. असंच काढून खोक्यात घालता काय?"

"इंजिनिअर अभ्यासावर झाला असेल."

"तुम्ही नव्हते तेव्हा. मी पाहिलंय तो काय करत होता."

एका हातात केबल तशीच धरून दुसऱ्या हाताने त्यांनी कार्डाला कुंकू लावलं, ओवाळलं, ते ताटात ठेवून पुढ्यात दही-साखरेची वाटी सरकवली. कोणी घरातून निघालं की आपण करतो तेच. आणि घरातून निघणाऱ्याला "जा" म्हणत नाहीत, म्हणून त्या कार्डाला म्हणाल्या, "जाऊन ये, बाबू."

या वाक्याचा पुढच्या घटनेशी काही संबंध आहे असं माझं म्हणणं नाही. घडलं त्या क्रमाने सांगतोय, इतकंच.

मी पलंगाखाली शिरलो. वर काकूंची चुळबुळ ऐकू येत होती. "भाऊ, चार वाजून गेले."

"त्याला फोन करून सांगा, उशीर होईल."

"नाही करत. फोन केला की तो म्हणेल, राहू दे आई, पुढच्या रविवारी पाहू. आज तो तसंच म्हणायच्या तयारीत आहे, मला माहीत आहे. एक रविवार सुटला न भाऊ, की मग सुटतच जाते."

 पलंगाखालून सांत्वन करता येत नाही. स्क्रू मिळत नव्हता, जुनी चप्पल मिळाली होती.

मग काकू म्हणाल्या, "भाऊ... प्रसाद दिसून राहिला."

मला वाटलं, फोटोबिटो पाहत असतील. "हं," म्हणालो.

"भाऊ, बाहेर या न."

मी बाहेर आलो.

आता मी जे पाहिलं ते शक्य तितकं कोरडं लिहितो. कॅबिनेट उघडं होतं, पिन भिंतीत नव्हती, गुंडाळलेली वायर वरच होती. कार्ड ताटात होतं, कुंकू लावलेलं. केबलचं एक टोक स्क्रीनला आणि दुसरं काकूंच्या मुठीत. स्क्रीनचं बटण वेगळं असल्यामुळे ती चालू राहिली होती आणि इतका वेळ तिच्यावर "नो सिग्नल" अशी चौकट तरंगत होती. ती चौकट आता नव्हती.

स्क्रीनवर ट्रकची काच होती. आतून, ड्रायव्हरच्या जागेवरून दिसते तशी. बाहेर एक मोठं पार्किंग, रांगेत उभे ट्रक, आणि बरोबर समोर, नाकासमोर नाक करून उभा असलेला प्रसादचा निळा ट्रक. बंपरवर त्याने हौसेने लिहून घेतलेलं "अकोला". दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे उघडझाप करत होते. आवाज काही नव्हता. चित्र मात्र इतकं स्वच्छ होतं की मागच्या झाडाची पानं वेगळी दिसत होती. त्या कार्डावर झाडं वेळेवर कधी आली नव्हती, पानं तर सोडाच.

ताटातल्या कार्डाचे दोन्ही पंखे हळूहळू फिरत होते. वर सीलिंग फॅन चालू होता, त्याच्या वाऱ्याने ते फिरले असतील, हे मी मान्य करतो. स्क्रीनला सीलिंग फॅन लागू पडत नाही.

"हे तर आतलं पार्किंग," काकू हळूच म्हणाल्या. "इथे मी कधीच येत नाही, भाऊ. मला जमतच नाही इथवर."

तेवढ्यात समोरच्या निळ्या ट्रकवर उजेड पडला. एकदा. थोड्या वेळाने दोनदा. आमच्या बाजूने कोणीतरी डिपर दिला होता. कीबोर्ड मी स्वतः काढून पलंगावर उलटा ठेवला होता.

किती वेळ हे चाललं, सांगता येणार नाही. चहाला उकळी येईल इतका असेल. मधूनमधून डिपर पडत होता... एकदा, दोनदा, परत दोनदा. मी पुढे होऊन कशाला तरी हात लावायला हवा होता. तपासणी करायला हवी होती. माझ्यासारख्या माणसाने आयुष्यभर ज्या संधीची वाट पाहावी ती समोर होती, आणि मी हातात जुनी चप्पल धरून उभा होतो. काकू मात्र जराही हलल्या नाहीत. केबलचं टोक त्यांनी असं धरलं होतं, जसं गर्दीत लहान मुलाचं बोट धरतात.

मग चित्र गेलं. "नो सिग्नल" परत तरंगायला लागलं.

"दिवे लावून उभा होता," काकू म्हणाल्या. "गाडी बिघडली की लावतात न ते दिवे?"

आणि त्यांनी दुसऱ्या हाताने फोन उचलून प्रसादला लावला. काकू फोन नेहमी स्पीकरवर टाकतात, त्यामुळे पुढचं मी ऐकलं. ऐकू नये असं वाटत होतं, पण दार त्यांच्या पलीकडे होतं.

"आई? अगं फोन कशाला? समोरच तर उभी आहेस."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "समोर?"

"मग काय. तुझा माइक परत बंद आहे. पण बरं झालं एका अर्थी... तू डिपर देत राहिलीस म्हणून बोलून टाकलं बघ एकदाचं. नाहीतर आज मी येणारच नव्हतो. आलो तेही दोन मिनिटं थांबून निघणार होतो. तेवढ्यात तू आलीस." मग जरा थांबून, "आई, तू रागावली नाहीस ना?"

आता, इथे एक चूक होती. ढळढळीत. समोर कोणीही उभं नव्हतं, मशीन पोट उघडं टाकून पडलं होतं, काकूंनी एक शब्दही ऐकला नव्हता. चूक दिसली की माझं तोंड आपोआप उघडतं, पोटापाण्याची सवय आहे. ते उघडलंही. काकूंनी केबलचा हात वर करून मला थांबवलं.

"ऐकलं रे बाबू," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकलं. आता पुन्हा एकदा सांग. पहिल्यापासून. घाई नको करू."

मी आजवर शेकडो पुस्तकांवरून नजर फिरवली आहे. त्यातल्या फार थोड्या वाक्यांत काही दुरुस्ती करावीशी वाटली नाही. हे त्यांतलं एक.

प्रसादने पुन्हा सांगितलं. नोकरी गेली होती. त्याच्या टीममधल्या सगळ्यांचीच. बरेच दिवस झाले होते. खोलीवरच्या मित्रांना कळू नये म्हणून रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचा. कोणालाही बोलला नव्हता. आईला सांगितलं तर ती परत ये म्हणेल, आणि ती म्हणाली तर आपण खरंच परत जाऊ, याची त्याला भीती होती.  काकू फक्त "हं" म्हणत राहिल्या. एकदा, मग दोनदा.

शेवटी तो थांबला.

"जेवला काय?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग आधी जेव. नोकरीची घाई काय आहे आता? ती तर गेली."

तिकडून हसण्यासारखा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी वापरलेल्या वस्तूचा येतो तसा.

"मी काही परत ये नाही म्हणत," काकू म्हणाल्या. "यायचं तर ये, राहायचं तर राहा. पण वाचनालयात बसायचं तर वाचत तरी जा काहीतरी. नुसता खुर्ची अडवून नको बसू."

"हो, मॅडम." मग तो म्हणाला, "आणि आई, तू रिव्हर्स कधी शिकलीस?"

काकूंनी हातातल्या केबलच्या टोकाकडे पाहिलं.

"गेटातून आलीस, वळलीस आणि एका दमात मागे घेऊन माझ्यासमोर लावलास. कुठे घासला नाही, काही नाही. मला एवढा सरळ येत नाही. समोरच्या भाऊंनी शिकवलं का?"

काकूंनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं. "त्यांना तर स्क्रू सापडून नाही राहिला," त्या म्हणाल्या.

स्क्रू नंतर सापडला, काकूंच्याच पायाखाली. नवीन कार्ड लांबीला जास्त निघालं, त्यासाठी आतली एक लोखंडी चौकट काढावी लागली. पण बसलं. संध्याकाळी मशीन सुरू झालं आणि गेम उघडला. काकूंचा नारिंगी ट्रक मागच्या रविवारी सोडला होता तिथेच, टोलनाक्याच्या अलीकडे उभा होता. पार्किंगपासून चांगला लांब.

त्यानंतर मी जे जे करता येतं ते केलं. गेमच्या कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. त्यांनी माझ्या संयमाबद्दल आभार मानले आणि कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करून पाहा, असं सुचवलं. सर्व्हरवर एखादा ट्रक चुकून शिल्लक राहतो म्हणतात. राहत असेल, पण तो गेटातून येऊन वळत नाही. काही स्क्रीन जुनं चित्र धरून ठेवतात असंही वाचलं, पण काकू त्या पार्किंगमध्ये कधी गेल्याच नव्हत्या, मग धरून ठेवणार काय? मला भास झाला म्हणावं, तर तोच भास जर्मनीत झाला. प्रसादचं स्वतःचं मत असं की आईने त्या दिवशी नेहमीसारखा गेम उघडला होता. त्याचा गैरसमज काकूंनी दूर केलेला नाही आणि मलाही करू दिलेला नाही.

गोष्ट अध्यक्षांच्या कानावर गेली. कशी गेली ते कळायला मार्ग नाही, आमच्या सोसायटीत तो एक वेगळा अमानवीय विषय आहे. ते काकूंकडे आले, सोफ्यावर बसले, डोळे मिटले आणि खालच्या पट्टीत म्हणाले, "वहिनी, हे वानखडे साहेबच होते. पित्याचा आत्मा. मुलाच्या संकटात धावून आले. ट्रक त्यांनीच लावला."

"त्यांना तर सायकलही येत नव्हती हो," काकू म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

मीही एकदा त्यांना सरळ विचारलं होतं. काकू, तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल? त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं होतं न, जाऊन ये. तो जाऊन आला." एवढंच, जसं कोणी दूध घेऊन आलं. पुढे मला सोलायला मटार दिले.

जुनं कार्ड दुकानदार घेणार होता, काकूंनी दिलं नाही. ते शोकेसमध्ये प्रसादच्या दहावीच्या ट्रॉफीशेजारी आहे. कुंकू पुसलेलं नाही. मी कधी त्यांच्याकडे गेलो की येताजाता त्याच्यापुढे क्षणभर थांबतो. नमस्कार करत नाही, पण खिशातले हात बाहेर काढतो. चांगलं काम करणाऱ्यासमोर खिशात हात घालून उभं राहू नये, एवढी शिस्त मला आहे.

प्रसादला पुढे तिथेच दुसरी नोकरी लागली. यात अमानवीय काही नाही, त्याने अर्ज केले होते. रविवारचे ट्रक चालू आहेत. नव्या कार्डावर झाडं वेळेवर येतात. प्रसाद मधूनमधून म्हणतो, आई, तो एकच दिवस कसा काय जमला तुला? काकू म्हणतात, "जमलं त्या दिवशी. रोज रोज जमते काय?"

मला या सगळ्याचं स्पष्टीकरण आजही मिळालेलं नाही. इथे कोणाला माहीत असेल तर जरूर लिहा, फक्त ड्रायव्हर अपडेट करा म्हणू नका. केला आहे.

काकूंना रिव्हर्स अजूनही येत नाही. गेल्या रविवारी त्या पार्किंगच्या गेटाचा खांब पडला.